पोंचो पुरा होईपर्यंत

६ नोव्हेंबर

बोलून बसले! आता निस्तरा.

आयुष्यात बटण लावण्यापलीकडे सुई हातात धरली नाही आणि वन्संना म्हटलं, मी विणते तुमच्यासाठी. तोंडातून गेलं ते गेलं.

झालं ते असं. सकाळी नेहमीप्रमाणे त्यांना स्वेटर घालत होते. डावी बाही निमूट जाते. उजव्या बाहीशी रोजची लढाई. जिन्यावरून पडल्यापासून तो खांदा वर होत नाही. हाड जुळलं म्हणतात, पण हात चालतो तो कोपरापासून खाली. मी म्हटलं, हात सैल सोडा. त्या म्हणाल्या, सैलच आहे, तुझीच बोटं लाकडाची. मग दोघीही गप्प. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या की बुटकीचा परत फोन आला होता. बुटकी म्हणजे त्यांची ऑफिसातली मैत्रीण. डोंगरावरच्या गावी एकटी राहते, एक खोली रिकामी आहे, कायमची ये म्हणते. वन्सं म्हणे जाणारच आहेत. फक्त रोज सकाळी कपडे चढवून द्यायची वेळ तिच्यावर आणायची नाही. स्वतःचं स्वतः घालता आलं की निघाल्या.

"दादा होता तोवर हे माझं घर होतं. आता तुला कशाला अडचण?"

ह्यांना जाऊन दुसरं वर्ष लागलं तेव्हापासून हे ऐकते आहे. काय उत्तर द्यायचं असतं याला? मला राग आला. कशाचा ते कळलं नाही. आणि त्या रागात म्हटलं — आमच्या लॉन्ड्रीत परवा एक पोंचो धुवायला आला होता, त्याला बाह्याच नसतात, डोक्यातून घातला की झालं, तसा मी विणते तुम्हाला.

त्या इतक्या हसल्या की खांदा धरून बसल्या. "तू? बरं. तुझा पोंचो पुरा झाला की मी जाते. म्हणजे अजून दहा वर्षं इथेच म्हणायची!"

बघाच आता.

७ नोव्हेंबर

कामावरून येताना लोकरीच्या दुकानात गेले. लोकरवाली चष्म्यावरून बघते, माणूस किती दिवस टिकेल याचा अंदाज घेतल्यासारखी. कोणासाठी? म्हटलं, नणंदेसाठी. तिने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. की कीव केली, कोण जाणे.

म्हणाली, पोंचोइतकं सोपं काही नाही. दोन लांबट चौकोन विणायचे. एकाची आखूड बाजू दुसऱ्याच्या लांब बाजूला जोडायची, मग दुसऱ्याची आखूड बाजू पहिल्याच्या लांब बाजूला. मधे गळा आपोआप उरतो. कापणं नाही, बाह्या नाहीत. चौकोन आला की पोंचो आला. टोकाला आकडा असलेली जाड सुई दिली, जाड लोकर दिली. नवशिक्याला आपल्या चुका दिसल्या पाहिजेत, म्हणे.

रंग शेवाळी घेतला. वन्संनी लोकर नखाने टोचून पाहिली. "बरा आहे. मळखाऊ. नाही जमला तर फरशी पुसायला होईल."

१० नोव्हेंबर

नुसती साखळी! तीन दिवस नुसती साखळी. फास करायचा, दोरा सुईवर घ्यायचा, फासातून ओढायचा. एवढंच. माझी साखळी एकदा इतकी घट्ट की सुई शिरेना, एकदा इतकी ढिली की आत अंगठा जाईल. हाताला घाम येतो. पाच मिनिटं बसते आणि उठते — गॅस बंद आहे का बघते, दार लागलं आहे का बघते, परत बसते. वन्सं म्हणाल्या, तू विणते आहेस की पहारा देते आहेस?

वाचनालयातून पुस्तक आणलं. चित्रांचं आहे, पायरी पायरीचं. त्यात एक बाई हसत विणते आहे. हसत!

पण पुस्तकावर माझा भरवसा आहे. मी वाचायला शिकले ती तशीच, कोणी न शिकवता, लग्नानंतर, लॉन्ड्रीतल्या चिठ्ठ्यांवरून. कोट. शर्ट. चादर. आधी शब्दाचा चेहरा ओळखायचा, मग त्यातलं एकेक अक्षर. हे म्हणायचे, मी शिकवतो. मी म्हणायचे, राहू द्या, तुम्ही हसाल. आणि एक दिवस हे वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते, मी समोरच्या खुर्चीतून पाठीमागच्या पानावरचा मथळा मोठ्याने वाचला. ह्यांनी पेपर खाली केला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, सात मजल्यांवर लटकताना घाबरला नाही, तो त्या दिवशी घाबरल्यासारखा दिसला. मग म्हणाले, पुढचं वाच.

तेव्हा चिठ्ठ्यांवरून जमलं. आता चित्रांवरून का नाही जमणार?

११ नोव्हेंबर

साखळी जमली. खांब जमेना.

१४ नोव्हेंबर

खांबही जमला. सुईवर एक वेढा, मग साखळीत घालून ओढायचं, मग दोनातून दोनदा. उभे छोटे खांब एकाशेजारी एक राहतात. आखूड असतो त्याला मुका खांब म्हणतात. नाव वाचून जरा थांबले. आमच्या घरात दोन आहेत, वाटलं.

पण चौकोन होत नाही! प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा आखूड. वीतभर उंची झाली आणि वर निमुळतं. वन्संनी उचलून उजेडात धरलं. "पोंचो आहे की पतंग?"

लोकरवालीकडे नेलं. ती हसली नाही, हे बरं केलं. ओळ संपली की वर चढायला तीन साखळ्या घालतो ना, त्याच पहिला खांब समजायच्या. मी त्या मोजतच नव्हते, परत येताना त्यांच्यात खांब घालत नव्हते. दर ओळीला काठावरचा एक खांब गळत होता. सगळ्यांचं हेच होतं, म्हणाली. शेवटचा खांब दिसत नाही, कारण तो खांबासारखा दिसत नाही.

सगळं उसवलं. उसवणं किती सोपं! दोरा ओढत राहायचं. इतक्या दिवसांचं काम चहा उकळेपर्यंत गेलं. आणि लोकर सगळी कुरळी झाली, वेणी सोडल्यावर केस होतात तशी.

१५ नोव्हेंबर

आज सरळ आलं. काठ सरळ! दोनदा मोजलं.

१९ नोव्हेंबर

आता रोज संध्याकाळी दोन ओळी होतात. कामावरून येते, चहा, मग दोन ओळी. सातव्या ओळीत एक भोक राहिलं आहे, एक खांब सुटला. ते उशिरा दिसलं. परत उसवायचा धीर झाला नाही. राहू दे, पाठीमागे घेऊ.

विणताना बुटकीचा फोन आला. वन्सं बोलत होत्या, मी ऐकत नव्हते, म्हणजे ऐकत होते. खोलीला खिडकी पूर्वेला आहे. खाली बाग. थंडी इतकी की दुपारी बाराला धुकं. वन्सं हो हो म्हणत होत्या. ऑफिसात टाइपरायटरवर बसायच्या, साहेब मजकूर सांगायचे तेव्हा असंच हो हो म्हणत असतील. फोन ठेवून म्हणाल्या, "कुठवर आलाय माझा पोंचो?"

वर करून दाखवला. त्या रेडिओचं बटण फिरवत बसल्या.

मला काय, जाऊ देत. घर शांत होईल. सकाळची बाहीची लढाई संपेल. रेडिओ मला हवा तेवढा लावता येईल. रात्री पुस्तक वाचताना 'ओठ हलतात तुझे' म्हणायला कोणी नाही.

हे लिहिलं आणि उठून उगीच बाल्कनीत जाऊन आले.

२४ नोव्हेंबर

वाढत नाही. रोज दोन ओळी घालते, पण टेबलाच्या कडेला लावून बघते तर मागच्या आठवड्यात होतं तिथेच. माझा हात घट्ट होत चालला असेल. चिडले की हात घट्ट होतो.

लॉन्ड्रीत मालकीणबाईंना विचारलं, लोकर नुसत्या थंडीने आटते का? इतकी वर्षं माझ्याबरोबर काढल्यावर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

२६ नोव्हेंबर

मोजायचं नाही. नुसतं विणायचं.

२९ नोव्हेंबर

मोजलं. तेवढंच!

स्वस्थता नाही. पुस्तक उघडते, एकच ओळ तीनदा वाचते. आज कामावर एका गिऱ्हाईकाच्या कोटाची चिठ्ठी दुसऱ्याच्या कोटाला लावली. असं कधी झालं नव्हतं. वेळेवर दिसलं म्हणून बरं. घरी येताना लिफ्टमध्ये उभी राहिले आणि चौथ्या मजल्यावरून परत खाली गेले, परत वर आले. आवाज ऐकत. हे म्हणायचे, दोरीचा आवाज ऐकला की कळतं लिफ्ट दमली आहे की नाही. मला काही कळत नाही. तरी ऐकते.

घरात आले तर वन्सं खिडकीशी बसलेल्या. आज उशीर केलास, म्हणाल्या. म्हटलं, लिफ्ट बंद होती. का खोटं बोलले?

३ डिसेंबर

लोकरवालीकडे गेले, आणखी गुंडे घ्यायला. रंग जुळला पाहिजे म्हणून सगळे एकदमच घेऊन टाकले. विणलेलं पसरून दाखवलं. तिने बोटाने ओळी मोजल्या. महिना होत आला, रोज दोन ओळी म्हणता, मग हे एवढंच कसं? म्हटलं, घट्ट हात आहे. ती म्हणाली, हात घट्ट नाही. हात चांगला आहे आता. मग मान हलवून दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळली.

हात चांगला आहे म्हणाली! हे वन्संना सांगितलं नाही.

५ डिसेंबर

जुनी कुरळी लोकर नकोशी झाली, तो गुंडा बाजूला ठेवून नवा जोडला. त्यातल्या दोन ओळी. बरं वाटलं.

६ डिसेंबर

कळलं!

संध्याकाळी विणायला घेतलं, दोरा ओढला, आणि हाताला काहीतरी वेगळं लागलं. कालच्या नव्या गुंड्यातली लोकर कुरळी येत होती. बराच भाग कुरळा, मग सरळ. नवी लोकर सरळ असते. कुरळी होते ती एकदा विणून उसवली की. मी या गुंड्यातलं काही उसवलेलं नाही. आणि माझा गुंडा बटाट्यासारखा असतो. हा चेंडूसारखा गोल, घट्ट.

दिवसभर मी लॉन्ड्रीत. घरात दुसरं कोण असतं?

वन्सं स्वयंपाकघरात डाव्या हाताने कांदा चिरत होत्या. रेडिओ चालू होता. मी परत दोन ओळी घातल्या. उद्या परत निघणार हे माहीत असून.

७ डिसेंबर

संध्याकाळी बघितलं. निघाल्या आहेत. दोन्ही.

८ डिसेंबर

कारण उघड आहे. पसंत नाही त्यांना. हे सांगायचे, ऑफिसात वन्संचा कागद म्हणजे आरसा. एक अक्षर चुकलं की खाडाखोड नाही, कागद काढायचा, टराटरा फाडायचा, नवा घालायचा. साहेब वाट बघत उभे असले तरी. अशा बाईला माझ्या हातचं वाकडंतिकडं काय आवडणार? तोंडाने सांगायचं तर भावजय दुखावेल, म्हणून पाठीमागे उसवायचं. मोठेपणा बघा!

सहज विचारल्यासारखं विचारलं, कसं वाटतंय विणकाम?

"एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला ढिलं. तुझ्या स्वभावासारखं."

झालं समाधान. उद्यापासून पिशवी कामावर नेणार. बघू कोण उसवतं ते.

१२ डिसेंबर

सरसर वाढतं आहे! गिऱ्हाईक नसलं की काउंटरमागे बसून विणते. दुपारच्या सुट्टीत विणते. मालकीणबाई म्हणाल्या, कपडे कमी आणि पोंचो जास्त होतोय दुकानात. पण पसरून बघितला आणि स्वतःच्या खांद्यावर टाकून आरशात वळल्या.

घरी वन्संनी विचारलं, पिशवी दिसत नाही ती.

कामावर असते, म्हटलं. तिथे वेळ मिळतो.

त्यांनी तरी खुर्चीमागे एकदा वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, तिथे धूळ असेल. वाफ असेल. लोकर खराब होईल.

लॉन्ड्रीत काम करणाऱ्या बाईला लोकर कशाने खराब होते ते शिकवतात!

१३ डिसेंबर

सकाळी बाही घालताना काही बोलल्या नाहीत. मीही नाही. खांदा दुखला असणार, चेहऱ्यावरून कळलं.

१८ डिसेंबर

एक चौकोन पुरा. वाफेच्या इस्त्रीखाली ओल्या फडक्यातून जरा दाबला, काठ सपाट झाले. इतका सुंदर दिसला की मलाच खरं वाटेना. सातव्या ओळीतलं भोक आहे तिथेच आहे. दुसऱ्या चौकोनाला सुरुवात.

२२ डिसेंबर

आज कधी नव्हे ते वन्सं म्हणाल्या, कशाला एवढी घाई? थंडी काही पळून जात नाही.

म्हटलं, तुम्हालाच जायची घाई आहे ना.

"हो. आहेच की."

मग दोघी टीव्ही बघत बसलो. बातम्यांत काय होतं ते विचाराल तर मला सांगता येणार नाही.

२७ डिसेंबर

झाला. दोन्ही चौकोन जोडले. पहिल्यांदा चुकीची बाजू जोडली आणि एक नळकांडं तयार झालं, डोकं घालायला जागाच नाही! उसवून परत. मग खाली भोवती दोन ओळी काठ घातला, मुक्या खांबांचा. दोरा कापला. टोक आत लपवलं.

संध्याकाळी वन्संपुढे ठेवला. त्यांनी स्वेटर काढायला मला हाक मारली. शेवटची हाक, मनात आलं. मग डाव्या हाताने पोंचो उचलला, डोक्यातून घेतला, खांदा न हलवता सारखा केला. कोणाच्याही मदतीशिवाय. आरशासमोर उभ्या राहिल्या.

मी वाट बघत होते. आता म्हणतील पतंग. आता म्हणतील फरशी.

"छान झालाय गं," म्हणाल्या.

मग खुर्चीत बसल्या आणि जेवणापर्यंत तो काढलाच नाही. जेवताना डाव्या हाताने काठ चाचपत होत्या. "झाला म्हणायचा पुरा," एवढंच आणखी म्हणाल्या.

मी जिंकले. जिंकल्यावर असं वाटतं का?

२८ डिसेंबर

बुटकीला फोन झाला. तीन तारखेची गाडी.

३० डिसेंबर

आज लॉन्ड्रीत चिठ्ठ्या टाचत होते. दिवसभर हजार वेळा करते ते काम, डोकं रिकामं असतं. आणि एकदम मनात आलं — ते भोक.

वन्संना चूक खपत नसती तर त्यांनी सातव्या ओळीपर्यंत उसवलं असतं. तिथे अंगठ्याएवढं भोक आहे, पहिल्या दिवशीच त्यांना दिसलं असणार. त्यांनी त्याला हातही लावला नाही. उसवत होत्या त्या वरच्या चांगल्या ओळी. आणि किती? मी आदल्या दिवशी जेवढ्या घातल्या तेवढ्याच. कमी नाही, जास्त नाही. मग डाव्या हाताने गुडघ्यावर गुंडा करून, फास सुईवर परत चढवून, पिशवीत होतं तसं ठेवून द्यायच्या.

पोंचो पुरा झाला की जाते.

टाचणी बोटात गेली. मालकीणबाई म्हणाल्या, रक्त कपड्यावर नको हं.

आणि मी काय केलं? पिशवी उचलून पळवली! सुट्टीत विणला, जेवण सोडून विणला. अक्षर न् अक्षर स्वतःचं स्वतः लावून वाचायला शिकले म्हणून केवढा ताठा माझा, आणि समोर रोज मांडलेलं एवढं वाचता आलं नाही.

३१ डिसेंबर

सांगायचं. आज सांगायचं, असं ठरवून घरी आले. वन्सं कपडे लावत होत्या. सगळे पुढून उघडणारे कपडे वेगळे, बाकीचे वेगळे. बाकीचे मला ठेवून जाणार आहेत. "तुला होतील. जरा लांब होतील, पण तू काय, दुमडशील."

मी घड्या घालायला बसले. घड्या घालणं मला येतं.

काय सांगणार? राहा म्हणायचं, तर कुठल्या नात्याने? ज्यांच्यामुळे आम्ही एका घरात आलो ते राहिले नाहीत. घर माझ्या नावावर झालं ते काही आम्हाला विचारून झालं नाही. मी राहा म्हटलं तर त्यांना उपकार वाटेल. वन्संना उपकार आणि चुकीचं अक्षर, दोन्ही सारखंच.

आणि मला चुकीचं कळलं असेल तर? खरंच जायचं असेल तर? पूर्वेची खिडकी आहे, बाग आहे.

मग उसवलं का!

२ जानेवारी

सकाळी तोंड उघडलं. "वन्सं —"

"काय गं?"

"पाण्याची बाटली भरून ठेवू का आत्ताच?"

"उद्याचं पाणी आज भरून शिळं करतेस?"

दिवसभर असंच. दोनदा दारापर्यंत गेले. एकदा त्याही दारात आल्या, मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, कात्री कुठे ठेवलीस? दिली. आत गेल्या, दार लावून घेतलं. मी कपाट पुसत बसले. पुसलेलंच परत पुसलं.

३ जानेवारी

गेल्या.

सकाळी म्हणाल्या, स्वेटरच घाल आज. पोंचो नवा आहे, प्रवासात मळेल. मळखाऊ रंग आहे, हे मी आठवण करून दिलं नाही. उजवी बाही चढवली. हळू. इतकी हळू की त्या म्हणाल्या, गाडी सुटेल.

लिफ्टमध्ये बॅग मधे, दोन बाजूंना आम्ही दोघी. दोघीही वर बघत होतो. वन्सं म्हणाल्या, "दादा असता तर म्हणाला असता, तेल मागते आहे." मी म्हटलं, हो. तेवढं एक मिनिट आम्ही तिघं होतो.

टॅक्सीवाल्याने बॅग ठेवली. काच खाली करून त्या काहीतरी सांगणार होत्या. मी वाकले. "गॅस बघ," म्हणाल्या. "दोनदा बघतेस, तीनदा बघू नकोस."

औषधं घेतलीत ना, मी म्हटलं. टॅक्सी वळली.

घरी आले आणि रेडिओ लावला. मला हवा तेवढा. मग बंद केला. त्यांच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं आहे. उघडलं नाही.

लॉन्ड्रीत जाऊन बसले. सुट्टी घेतली होती तरी.

४ जानेवारी

चादर काढायला म्हणून त्यांच्या खोलीत गेले. पोंचो नेलाच नाही. खुर्चीवर नीट घडी करून ठेवला आहे. टोकाची गाठ कात्रीने कापलेली, खालच्या काठाच्या दोन्ही ओळी उसवलेल्या. शेजारी लोकरीचा घट्ट गोल गुंडा. आणि माझी सुई त्या मोकळ्या फासात अडकवून, सोडलं तिथून कोणालाही पुढे विणता येईल अशी.

फोन लावला. त्यांनीच उचलला.

म्हटलं, "वन्सं, पोंचो पुरा झालेला नाही. मापाला यावं लागेल."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बुटकी इथे शेजारीच उभी आहे. तिला काय सांगू?"

"सांगा, घरून बोलावणं आलंय."